मुहूर्त नसलेले दिवस

"आज मार नाही, ताई!"

सकाळी आमच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक करून काका एवढंच सांगायचे. बेल त्यांनी कधी वाजवली नाही. ज्या दिवशी टकटक नसायची, त्या दिवशी खांद्याला पिशवी अडकवून, मुलाचा हात धरून ते गुपचूप जिना उतरताना दिसायचे. आम्ही समजायचो, मागच्या गल्लीतल्या फंक्शन हॉलमध्ये आज लग्न आहे.

हैदराबादच्या नल्लकुंट्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दोघंच राहायचे. रेल्वेतून रिटायर झालेले काका आणि त्यांचा राजा. राजा म्हणजे तिशीतला, दाढी आलेला धिप्पाड मुलगा. त्याला बोलता येत नाही. आवाज आपल्याला ऐकू येतो, त्याला तो लागतो. कुणी काठीने बदडावं तसा लागतो. मग तो भिंतीवर डोकं आपटून घेतो. एकदा भुवईवर टाके पडले तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पुन्हा असं झालं तर डोळा जाईल. याला शहराबाहेरच्या एखाद्या आश्रमात ठेवा."

काका म्हणाले, "मी आहे तोवर पोरगं घरातच राहील." काकू जाताना त्यांच्याकडून हेच कबूल करून घेऊन गेल्या होत्या.

आता तुम्हीच सांगा, हैदराबादेत शांत घर कुठून आणायचं? पण काकांनी आणलं होतं. त्यांच्याकडे कुकर नव्हता, वरण उघड्या पातेल्यात शिजायचं. भांडी टॉवेल अंथरून घासायचे. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातलेले! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फिस्सकन हसले, तर काका ओठांवर बोट ठेवून स्वतःही हसले. मी जन्माची मोठ्या तोंडाची. आमच्या घरात साधं मीठ मागितलं तरी भांडण चाललंय असं वाटतं. त्यांच्या दारात गेले की माझाही आवाज आपोआप खाली यायचा.

एकच आवाज राजाला आवडायचा, फोडणीत मोहरी तडतडण्याचा. ओट्याला हनुवटी टेकून तो कढईकडे बघत बसे. मग काका नुसतीच मोहरी टाकत. "ताई, अजून एक घाणा," म्हणायचे, आणि माझ्या घरी उगीच फोडणीचं तेल यायचं. मी ते मुरमुऱ्यांना लावायची.

हॉल नवीन झाला तेव्हा काका निर्धास्त होते. चातुर्मास लागलेला, आता चार महिने लग्नं नाहीत, म्हणाले. आपल्या मराठी माणसाचा हिशोब! पण तेलुगू लोक श्रावणात धूमधडाक्यात लग्नं लावतात हे एवढी वर्षं इथे राहूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पहिल्याच शुक्रवारी बँड वाजला आणि राजाने भिंत लाल केली. ते टाके तेव्हाचेच.

तेव्हापासून त्यांच्या भिंतीवर तीन कॅलेंडरं आली. एक मराठी, एक तेलुगू, एक उर्दू. उर्दू त्यांना वडिलांकडून आलेली. तिन्हीकडे बघून ते लग्नांचे दिवस हेरायचे, आणि त्या दिवशी राजाला घेऊन तारनाक्याला, विद्यापीठाच्या झाडांखाली जाऊन बसायचे. डबा, पाणी, चादर, सगळा संसार पिशवीत. पाय सुजायचे. "रेल्वेची ड्यूटी याच्यापुढे काहीच नव्हती हो," म्हणायचे.

आषाढ लागला, मोहरम आला की काकांच्या चेहऱ्यावर तेज. हॉलचा मॅनेजर गिऱ्हाईक नाही म्हणून तोंड पाडून बसलेला आणि हे माझ्याकडे जिलबी घेऊन हजर! "लोक मुहूर्त निघाला म्हणून गोड वाटतात, तुम्ही निघाला नाही म्हणून वाटता," मी म्हणायची.

आणि सगळ्यांत लाडका पितृपक्ष. गणपतीत ते राजाला घेऊन गावी भावाकडे जायचे. परत आले की म्हणायचे, "पितरांसारखे शेजारी नाहीत, ताई. येतात, जेवतात, जातात. गडबड नाही."

गेल्या वर्षी अविधवा नवमीला काकूंचं श्राद्ध होतं. स्वयंपाक मीच करत होते, वडे तळून झाले होते. काका पाटावर, बोटात दर्भाचं पवित्रक, गुरुजी समोर, राजा खिडकीशी. तिन्ही कॅलेंडरांत तो दिवस कोरा. आणि एकाएकी मागून धाडकन डीजे सुरू झाला. ताटं थरथरली. राजाने खिडकीचे गज धरले आणि डोकं आपटायला लागला.

काका तसेच उठले. गुरुजींना म्हणाले, "त्याला धरा!" आणि अनवाणी धावले. मीही मागे धावले. हॉलमध्ये कुठल्याशा कंपनीचा कार्यक्रम होता, एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरं नाचत होती. मॅनेजर कानाशी ओरडला, "पितृपक्षात हॉल खाली पडतो म्हणून यांना दिला, साब! इन लोगां पंचांग कहाँ देखते?"

काका डीजेवाल्यासमोर उभे राहिले. त्यांचं तोंड उघडत होतं, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, आणि आवाज येत नव्हता. इतकी वर्षं हळू बोलून बोलून माणूस ओरडायचंच विसरला होता. डीजेवाल्याला वाटलं, म्हातारा गाण्याची फर्माइश करतोय. तो हसून कान पुढे करत होता.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "अरे बंद करो! बच्चा मर रहा उधर!" असा टाहो मी फोडला की अख्खा हॉल गप्प झाला. शहाणी पोरं होती, चटकन बंद केलं, दोघं तर घरापर्यंत धावत आली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. गुरुजींच्या पंच्यावर रक्त होतं, आणि राजाचा डावा डोळा गेला.

आश्रम शहराबाहेर शेतांत आहे. शेवटी काकांनी राजाला तिथे सोडलं त्या दिवशी व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "सुरुवातीला भेटायला येऊ नका, त्याला रुळू द्या." काकांनी मान डोलावली. आणि फ्लॅटला कुलूप घालून आश्रमाच्या समोरच एका शेतकऱ्याची खोली भाड्याने घेतली!

मागच्या महिन्यात मी डबा घेऊन गेले. काका खोलीत नव्हते. रस्ता ओलांडून आश्रमाच्या कुंपणभिंतीला कान लावून उभे होते, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली. मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम.

"काका, भेटू देतात ना आता?"

"देतात. गेलो होतो. जेवतो म्हणे पोटभर, झोपतो. कुणाला त्रास नाही. माझ्याकडे बघितलंही नाही त्याने." मग थांबून म्हणाले, "एकदाही रडला नाही, ताई. मला शोधलंसुद्धा नाही."

एवढ्यात गाणी लावलेला एक ट्रॅक्टर आला. काका रस्त्याच्या मधोमध जाऊन हात जोडून उभे राहिले. ड्रायव्हरने गाणं बंद केलं, इंजिनही बंद केलं.

मी म्हटलं, "काका, भिंत एवढी उंच आहे, राजाला आत काही लागत नाही."

"त्याच्यासाठी नाही हो. माझ्यासाठी. त्याने हाक मारली तर मला ऐकू यायला नको?"

ड्रायव्हर खाली उतरला. आम्ही तिघंही भिंतीकडे कान देऊन उभे राहिलो. आतून काहीच आलं नाही.