पतोला

रोज सकाळी चहाआधी सेवकराम गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर ओढून बघायचा. नखावर पांढरी रेघ उठली की समाधान. नाही उठली, तर उंबऱ्याच्या दगडावर दोनदा घासायचा आणि पुन्हा नख पुढे करायचा. बायको दुर्गा चुलीपुढून म्हणायची, "नख संपून जाईन एक दिवस." तो म्हणायचा, "नख येते मागून. मासोरी येत नाही."

त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख रेघारेघांचं झालं होतं.

गोरेगावापासून दीड कोसावरचं ते गाव. धानाची बांधी संपली की तलावाची पाळ लागे. तलाव मच्छीमार सोसायटीकडे होता. जाळं सोसायटीच्या सभासदांनी टाकायचं, आणि सेवकरामच्या बौद्ध मोहल्ल्यातलं कोणी सभासद नव्हतं. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सभासदत्वाचा अर्ज नेला की अध्यक्ष नंदलाल म्हणायचा, "पुढच्या साली पाहू." सेवकरामनं तीनदा नेला. १९९९ साली तिसऱ्यांदा नेला तेव्हा नंदलाल हसून म्हणाला, "गळ टाक ना तू. गळाले कोन अडवते? रोहू-कतला लागला तर पान्यात सोडजो. पतोला लागला तर तुझा."

सगळे हसले होते. पतोला म्हणजे विळ्याच्या पात्यासारखा चपटा, पाठीवर कुबड असलेला मासा. गळाला लागला की असा हिसडा देतो की बांबू हातातून जावा; पण अंगात केसांसारखे काटे, सगळीकडे. तो जाळ्यात आला तर सभासद पाळीवर फेकून देत, कावळ्यांसाठी.

सेवकरामनं तो शब्द खरा धरला. गळाला रोहू लागला की हळूच गळ काढून, ओल्या हातानं, तो पाण्यात सोडायचा. सोडताना कोणी बघत नसलं तरी. दुर्गाला याचा राग यायचा. घरात नुसती लाखोरीची डाळ, आणि हा माणूस चार बोटं जाडीचा रोहू सोडून काट्यांचा गुंता घेऊन येतो!

पहिल्यांदा रांधला तेव्हा त्याच्याच घशात काटा रुतला. दोन दिवस भाताचे कोरडे गोळे गिळत बसला. दुर्गा म्हणाली, "लोक उगाच फेकतात का?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मासोरी खराब नाही वो. आपल्याले येत नाही."

मग तिनं ते शिकून घेतलं. शिकवायला कोणी नव्हतं. काटे एकाच दिशेला झुकलेले असतात, हे तिच्या बोटांना आधी कळलं. कातडी सोडवायची आणि त्याच दिशेनं शिंपल्यानं मांस खरडायचं. हात उलटा फिरला की काटे सोबत येतात. खरडलेलं मांस पाट्यावर वाटायचं, त्यात लाखोरीच्या डाळीचं पीठ, लसूण, मिरची, मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. चपट्या वड्या जवसाच्या तेलात तळायच्या. एका माशाला तासभर लागे. पण ती वडी तोंडात अशी विरघळे की पहिला घास गिळायच्या आत सेवकरामनं दुसरी उचलली. दुर्गाला तेवढं पुरलं.

नऊ वर्षं असं चाललं. पाळीवरून जाता-येता सभासद विचारायचे, "का सेवकराम, किती काटे पकडले आज?" तोही हसायचा. घरी आल्यावर मात्र हसू गळून पडायचं. त्याला मासा विकायचा नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की त्या लोकांनी एकदा म्हणावं, हा मासा आहे, आणि तो धरणारा माणूस मासे धरणारा आहे.

२००८ च्या उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि मोठी ओढ ठरली, म्हणजे सगळा तलाव जाळ्यानं ओढून काढायचा. त्या दिवशी पाळीवरच जेवण असे. गोंदियाहून मासोळीचा व्यापारी हिरालाल येणार होता. आदल्या दिवशी सेवकरामनं सहा पतोले आणले आणि दुर्गासमोर ठेवले.

"एवढे कायले?"

"उद्या डबा न्याचा हाय. सोसायटीत."

"काऊन नेऊन राहिले? आपलं आपन खावं."

"खाऊ दे ना एकदा. नऊ साल झाले, हसून राहिले."

तिनं पाटा धुवायला घेतला. मनातून तिलाही ते हवं होतं. हे तिनं पुढे कितीतरी वेळा स्वतःशी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी डबा त्यानं घेतला, ती मागे मोहाच्या झाडाखाली उभी राहिली. हिरालालनं एक वडी खाल्ली. मग दुसरी. पाचवी उचलताना म्हणाला, "अरे, ये क्या चीज है? मरळ है?"

"नाही," सेवकराम म्हणाला.

"कतला का पेट?"

"नाही. ओळखा ना सेठ." दुर्गानं त्याला इतकं उंच उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

एक-दोन सभासदांनीही खाल्लं. नंदलालनं हात लावला नाही. "माझा उपास हाय," तो म्हणाला. तासाभरानं त्यानंच रोहूच्या रश्श्यात भात कालवून खाल्ला, मोहाखालून तिला स्वच्छ दिसत होतं.

"पतोला!" सेवकराम म्हणाला, आणि क्षणभर खरंच कोणी हसलं नाही.

हिरालालनं हात पुसला. "पतोला तो कलकत्ते में लोग ढूंढते हैं. तुम्हारे यहां कितना होगा?"

आणि सेवकराम सांगत सुटला. दक्षिणेकडच्या बुडालेल्या झुडपात बसतो. पहाटे वर येऊन श्वास घेतो, तिथं बुडबुडे दिसतात. गांडूळ नको, जिवंत झिंगा लावावा. पावसाआधी जोडीनं फिरतो. नऊ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर तो बोटांवर एकेक जागा मोजून देत होता. झाडाखालून दुर्गाला हाक मारावीशी वाटली, अजी, बस करा. चार पुरुषांत नवऱ्याला टोकायचं कसं, म्हणून ती थांबली.

पंधरा दिवसांनी नंदलाल घरी आला. अंगणात उभ्यानंच बोलला. आवाज गोड होता.

"काका, आता पतोला बी सोसायटीचा. हिरालाल सेठ सगळाच नेते. गळ बंद करा लागन."

"तूच म्हणलं होतं, पतोला माझा."

"तवा त्याले कोन विचारे?"

"मी रोहू सोडत होतो, नंदलाल. एक बी घरी आनला नाही."

"म्हनूनच तर तुमच्या घरी आलो. तुमी नेमाचे मानूस. दुसऱ्याच्या घरी पोलीस पाठवला असता."

आठवड्यानं नंदलालची बायको प्रेमिला आली, मांस कसं खरडायचं ते बघायला. बसायला पोतं घरून घेऊन आली होती. दुर्गानं दाखवलं. का दाखवलं, ते तिला सांगता येत नाही. कदाचित समोर मासा होता आणि हात आपोआप चालले. चहा ठेवते म्हटल्यावर प्रेमिला उठली, "नको, आत्ताच घेतला." पुढच्या ओढीला पाळीवर प्रेमिलाच्या हातच्या वड्या होत्या. नंदलालनं आठ खाल्ल्या म्हणे.

सेवकराम चौथ्यांदा अर्ज घेऊन गेला नाही. बिरसीला विमानतळाच्या बाजूनं कुंपणाचं काम निघालं, तिथं खड्डे खोदायला जाऊ लागला. पाळीचा रस्ता सोडून बांध्यांतून फिरून जायचा. कोणी माशांचं बोललं की उठून बैल नसलेल्या गोठ्यात जायचा. दुर्गा एकदा चिडून म्हणाली, "दुसऱ्या तलावावर जा ना." तो म्हणाला, "तिथं बी कोनी सेठ येईन. अन मी बी पुन्हा सांगीन."

२०१२ च्या थंडीत त्याची छाती भरली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा जेवण सुटलेलं होतं. शुक्रवारच्या बाजारात दुर्गाला बर्फावर पतोले दिसले, डोळे पांढरे पडलेले. ती बराच वेळ उभी राहिली. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो मासा विकत घेतला.

घरी खरडला, वाटला, तळला. ताट त्याच्यापुढे ठेवून भिंतीशी बसली. त्यानं वडी फोडली, वास घेतला, एक तुकडा तोंडात ठेवला आणि खूप वेळ चावला. कुठून आणला ते त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मधल्या वेळात नुसता खोकला होता, शब्द नव्हते. शेवटचं जे बोलला ते त्या ताटावरच, ताट तिच्याकडे सरकवत:

"बर्फातली हाय. तू खाऊन घे, भात थंडा होऊन राहिला."