ब्याऐंशी लाख ठिपके

आमच्या हिच्या मामांनी मोजल्याशिवाय आयुष्यात एकही गोष्ट खरी मानलेली नाही, आणि मोजायला घेतलेली एकही गोष्ट अर्धवट सोडलेली नाही. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल-नारळ दिला, पण मोजायची खोड काही काढून घेतली नाही, ती ते इंदिरानगरच्या रो-हाउसमध्ये सोबत घेऊन आले. सकाळी फिरायला निघाले की पावलं मोजतात, तीही मोबाइलवर नव्हे, तोंडाने. त्यामुळे वाटेत कुणी नमस्कार घातला तर उलट नमस्काराऐवजी 'दोन हजार एकशे चार' असं ऐकू येतं. आमच्या लग्नात हॉल सांगितल्यापेक्षा सव्वा फूट आखूड भरला, तर इकडे मंगलाष्टकं चालू आणि हा माणूस तिकडे मॅनेजरच्या टेबलापाशी टेप घेऊन उभा. घर घेतल्यावर कंपाउंडच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी बोलाचाली झाली. मामांनी दोन दिवस रीतसर मोजणी केली आणि निघालं काय, तर मामांचीच भिंत चार इंच शेजाऱ्याच्या हद्दीत! दुसरा कुणी असता तर टेप गुंडाळून अळीमिळी गुपचिळी करून बसला असता. मामांनी गवंडी बोलावला, भिंत पाडली आणि चार इंच मागे सरकवून नव्याने बांधली. शेजारी बिचारा 'राहू द्या हो' म्हणत होता. त्याला मामांनी हद्द म्हणजे काय यावर अर्धा तास ऐकवलं. तेव्हापासून तो शेजारी कुंडी हलवायची तरी मामांना विचारून हलवतो.

या सगळ्यात माझं काम म्हणजे टेपचं दुसरं टोक धरणं. इतरांच्या सासरी जावई आला की आधी पाट, मग ताट. मला मात्र चपला काढायच्या आत टेप मिळतो. 'या जावईबापू' म्हणून तोंडभरून स्वागत होतं आणि लगेच 'जरा ताणून धरा' असं पुढचं वाक्य येतं. मी कुरकुर करतो, पण धरतो. हिच्या माहेरच्या माणसांत मला मनापासून आवडणारा माणूस हा एकच, हे मी तिच्या देखत कधी बोलत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात मामांनी टीव्ही घ्यायचं ठरवलं. जुना टीव्ही चालत नव्हता असं नाही, उत्तम चालत होता. पण त्यावर मामी नीट दिसत नव्हत्या. हे जरा उलगडून सांगायला हवं. मामी पूर्वी भजनी मंडळात गायच्या. आवाज असा की मंडळातल्या बाकीच्या बायका त्यांच्या चरणाला टाळ वाजवायला विसरायच्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी या मंडळाला मुंबईला टीव्हीवरच्या कार्यक्रमात बोलावलं होतं, आणि एका अभंगात मामींनी एकट्यांनी दोन चरण म्हटले होते. सगळ्या नाशिकने ते पाहिलं. मामांनी नाही. ते त्या आठवड्यात पेठकडच्या डोंगरात मोजणीला होते आणि त्या पाड्यावर टीव्हीच काय, धड वीजही नव्हती. पुढे मामींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जिवावरचं गळ्यावर निभावलं म्हणायचं, पण आवाज जो बसला तो बसलाच. बोलतात तेही घोगरं. गाणं त्यांनी सोडूनच दिलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी मंडळातल्या एका बाईंकडे त्या कार्यक्रमाची जुनी कॅसेट सापडली. तिच्यावरून उतरवून घेतलेला पेनड्राइव्ह मामांच्या हाती आला आणि मामा हट्टाला पेटले. जुन्या टीव्हीवर आवाज खणखणीत यायचा, पण मामींच्या चेहऱ्याच्या जागी भिजलेल्या पापडासारखं काहीतरी दिसायचं आणि त्यावर कुंकवाचा लाल डाग. मामा पडद्याला नाक लावून बघायचे. मामी म्हणायच्या, "एवढं काय बघायचंय त्यात? मी इथे समोर आहे ना?" नंतर अंगणात टेप गुंडाळता गुंडाळता मामा मला म्हणाले, "जावईबापू, मंडळाचं भजन असायचं गुरुवारी, आणि मी गुरुवारी कधी घरी नसायचो. घरात गायची ती ओट्याकडे तोंड करून. चाळीस वर्षांत मी तिची पाठ गाताना पाहिलीय. तोंड नाही."

मी त्यांच्याबरोबर दुकानांच्या वाऱ्या सुरू केल्या.

पण दुकानात जायच्या आधी अभ्यास. मामांनी दोनशे पानी वही घातली आणि टीव्हीचा पडदा हे एक शेत आहे असं समजून त्याची मोजणी मांडली. पडदा म्हणजे ठिपक्यांचं शेत, आडव्या ओळीत किती, उभ्या ओळीत किती, गुणाकार करा की झालं. एचडी रेडी म्हणजे सुमारे साडेदहा लाख, फुल एचडी म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे, आणि फोर-के म्हणजे ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे. 'सुमारे' हा शब्द मामांच्या तोंडून मी फक्त एचडी रेडीच्या बाबतीत ऐकला, कारण तो त्यांना घ्यायचाच नव्हता. 'जमिनीचे तुकडे पाडले की घरादाराचं वाटोळं होतं, पण पडद्याचे जितके तुकडे पाडाल तितकं चित्र चांगलं', हे तत्त्वज्ञान मी त्या महिन्यात किमान चाळीस वेळा ऐकलं. एकदा तर मिसळीच्या टेबलावर त्यांनी शेव मांडून मला फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक दाखवला, तोवर माझा रस्सा निवून गेला.

कॉलेज रोडच्या दुकानात आम्ही पाच वेळा गेलो. पहिल्या खेपेला सेल्समनने मोठ्या उत्साहाने पोपट, धबधबे आणि कापलेलं डाळिंब दाखवलं. मामांनी खिशातून भिंग काढलं आणि डाळिंबाच्या एका दाण्यावरचे ठिपके मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला टेपने पडद्याचा कर्ण मोजला आणि पंचावन्न इंच म्हणजे पंचावन्नच आहे ना, याची खात्री करून घेतली. तिसऱ्या खेपेला माझ्याकडून टेप धरून घेऊन दुकानात मागे मागे चालत गेले, दर फुटाला थांबून दोन टीव्हींतला फरक कुठपर्यंत कळतो ते वहीत टिपत. बाराव्या फुटावर ते एका वॉशिंग मशीनवर जाऊन बसले आणि तिथून जाहीर केलं की इतक्या लांबून ब्याऐंशी लाख काय आणि वीस लाख काय, डोळ्याला सगळे सारखेच, तेव्हा जास्त ठिपक्यांचे पैसे मोजायचे तर जवळ बसलंच पाहिजे. तोवर दुकानातली चार-सहा गिऱ्हाइकं हातातली पिशवी खाली ठेवून त्यांचं ऐकायला लागली होती. एका काकूंनी तर त्यांनाच वॉरंटीबद्दल विचारलं. चौथ्या खेपेला सेल्समन आम्हाला बघून गोदामात गेला तो बाहेर आलाच नाही.

त्याच खेपेला मला, देवाची शपथ, एक शहाणपणाची गोष्ट सुचली होती. म्हटलं, मामा, पेनड्राइव्ह आणून इथेच लावून बघू, म्हणजे सोक्षमोक्ष होईल. मामांचा चेहरा एकदम कडक झाला. आमच्या घरची बाई तुमच्या दुकानाच्या भिंतीवर येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर गाणार नाही, असं त्यांनी मलाच बजावलं, जणू दुकान माझं होतं. पहिल्यांदा बघायचं ते आपल्या घरात. झालं, त्यापुढे माझी काय बिशाद!

पाचव्या खेपेला फोर-के घरी आला. एका रविवारी सकाळी बसवणारा माणूस येऊन गेला. मामांनी आदल्या दिवशीच हिशोब करून साडेसहा फुटांवर खडूची रेघ मारून ठेवली होती, खुर्चीचे पुढचे पाय त्या रेघेवर. मामी आत ओट्यापाशी भाजी निवडत होत्या. मामा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसले. मी पेनड्राइव्ह लावला.

आणि काय सांगू, मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर चेहरा मोठा झाला होता, स्पष्ट झाला नव्हता. जुन्या टीव्हीवर निदान भिजलेला पापड होता, इथे तो कालवलेला दिसत होता. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, पत्ता नाही. मामांनी भिंग काढलं, पडद्यापाशी गेले, परत आले. सेटिंगमध्ये जाऊन मी जे जे दाबता येईल ते दाबलं. काही उपयोग नाही. मग मामा वही मिटत म्हणाले, "दिंडोरीकडचा एक म्हातारा दर वर्षी कचेरीत यायचा. 'सायेब, नकाशा लय बारीक हाय, मोठा करून द्या, म्हंजी माझी हीर दिसंल.' मी त्याला सांगायचो, बाबा, मोजणीच्या दिवशी जे टिपलंच नाही, ते नकाशा कितीही मोठा केला तरी त्यात उगवत नाही. जन्मभर लोकांना शिकवलं हे. आणि स्वतः ब्याऐंशी लाख ठिपके विकत आणले. कॅसेटवर चार लाख तरी असतील का हो?"

मला खरंच वाईट वाटलं. मी दुकानदाराला, कॅसेटला आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या दिल्या. परत करून येऊ का, असंही विचारलं. मामांनी नकारार्थी मान हलवली. पण हार मानतील तर ते मामा कसले! त्यांनी खुर्ची उचलली आणि मागे सरकवली. बघितलं. पुन्हा मागे. आठ फूट झाले, दहा झाले, सोफ्याला वळसा घालून बारा झाले, आणि शेवटी हॉल संपून खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात जाऊन टेकली. मी टेप धरायला पुढे झालो तर हातानेच 'नको' म्हणाले. तिथून डोळे बारीक करून बघत राहिले. मीही त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. आणि खरंच सांगतो, इतक्या लांबून तो सगळा कालवलेला रंग हळूहळू एकमेकांत बसला. कपाळ दिसलं, नथ दिसली, हनुवटी वर उचललेली दिसली.

"डोळे मिटून गातेस होय गं तू?" मामा म्हणाले.

मामी भाजीची परात बाजूला ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत त्यांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं. "मग? उघडे ठेवले की शब्द विसरायचे मी," त्या म्हणाल्या.

मामांनी मला पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मी लावलं आणि पुन्हा मागे त्यांच्यापाशी येऊन उभा राहिलो. मंडळाचं धृपद संपलं, मामींचा चरण आला, आणि माझ्या शेजारून एक घोगरा, फाटका, जेमतेम ऐकू येणारा सूर लागला. वरच्या जागी तो पार विरून जात होता, मग खाली पुन्हा सापडत होता. मामींनी डोळे मिटले होते. मामांनी टीव्हीकडे पाठ फिरवली होती. त्यांच्यात हातभराचं अंतर असेल नसेल. मी हळूच पुढे गेलो, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज कमी केला.