सावकाश म्हणजे किती

मागच्या महिन्यात माझ्या जुन्या प्रयोगशाळेतून एका मुलीचा फोन आला. ज्या भट्टीपाशी स्फटिक वाढवण्यात माझं आयुष्य गेलं, तिथेच ती आता पीएचडी करते. कपाटात तिला माझी वही सापडली होती. वहीबरहुकूम तिने दोनदा केलं, दोन्ही वेळा स्फटिक थंड होताना फुटला. कच्चा माल आता एकाच खेपेपुरता उरला होता. "अक्का, तुम्ही लिहिलंय, सावकाश थंड केला. सावकाश म्हणजे किती?"

राजाजीनगरच्या घरून रिक्षा करून गेले. वही उघडली आणि लिहिणारीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. मोत्यासारखं अक्षर, लाल शाईचा समास, खाडाखोड नावाला नाही. बाई स्वतःला शास्त्रज्ञ समजत होत्या. मांडत होत्या रुखवत. आमचे साहेब खाडाखोडीच्या पानावर सही करत नसत. म्हणून फुटलेल्या स्फटिकांच्या नोंदी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर करायची, आणि एखादा धड निघाला की तेवढाच वहीत उतरवायची. निवृत्त होताना ते कागद मीच रद्दीत घातले. का, तर मागे टेबल स्वच्छ दिसावं.

माझ्या आधीच्यांनीही हेच केलं होतं, म्हणून मलाही पहिल्यापासून फोडत बसावं लागलं. आपल्याकडे या विद्येत दर पिढी नव्याने श्रीगणेशा करते, आणि चांगला तुकडा हवा असला की परदेशातून मागवते.

मला आकडा आठवेना. दोन दिवस डोकं खाजवून शेवटी अंदाजाने सांगितलं, ताशी दहा अंश. थंड करायला घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिथेच बसले होते. भट्टीत बारीक टक् झालं. मुलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपली वही मिटायला लागली.

मी म्हटलं, "लिही. ताशी दहाने उतरवला, फुटला."

"सर या पानावर सही करणार नाहीत, अक्का."

"स्वल्प सरक." इतक्या वर्षांत कानडी तोंडात बसलेली.

पेन घेऊन मीच लिहिलं आणि खाली सही ठोकली. माझ्या सहीला आता तिथला शिपाईही विचारत नाही. मुलीने ते दोनदा वाचलं. मग त्याखाली आपल्या आधीच्या दोन फुटक्या स्फटिकांची नोंद करायला बसली.

पेन्सिलीने. खोडता यावं म्हणून.