हौसाक्काची हरकत

हौसाक्का कुठेही बसायची झाली की आधी जमिनीवर पालथा हात ठेवायची. देवळाचा पार असो की ग्रामपंचायतीची ओसरी, क्षणभर हात टेकवून मगच ती बूड टेकायची. मी नवा ग्रामसेवक, सांगलीत फरशीवर वाढलेला. मला वाटलं, बाई भुईच्या पाया पडते. एकदा विचारलं, तेव्हा ती हसली. "पाया कसलं पडतीया भाऊसाब? वल हाय का बघतीया. लुगडं येकच हाय."

शिराळ्याच्या अलीकडचं ते गाव. सत्तर सालानंतरची वर्षं. हौसाक्काला जमीन नव्हती, नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. गावातले मोठे ऊसवाले आबा, त्यांच्या बांधावर पाचटाची खोप घालून ती आणि तिची म्हातारी सासू राहायच्या. गोठ्यांतलं शेण गोळा करून गावाबाहेरच्या पडावर, म्हणजे पडीक रानात, शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापायच्या, निम्म्या गोठेवाल्याला, निम्म्या आपल्याला, हा तिचा धंदा. त्या पडाचा हातन्‌हात तिच्या ओळखीचा होता. एखादी शेणी वाळली नाही तर ती शेणीला दोष देत नसे. "भुईनं धरलं तिला," म्हणायची.

अशात बेघरांसाठी बारा घरांची योजना आली. त्याच पडाची ओढ्यालगतची सपाट जागा ठरली. यादीत पहिलं नाव मी हौसाक्काचं घातलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. तिची सासू ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. ती रोज संध्याकाळी विचारू लागली, "हौसा, घर आलं का गं?" जणू घर मुक्कामाच्या एस.टी.नं यायचं होतं.

हरकती मागवणारी नोटीस चावडीवर लागली आणि गाव पेटलं. खळी जातील, गुरं कुठं बांधायची, असं बागायतदारांच्या अर्जात होतं. बेघर माणसं इतक्या जवळ राहायला नकोत, हे त्यात नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. हौसाक्काचीही हरकत आहे असं कळल्यावर आबांना कोण आनंद झाला. ते स्वतः आपल्या अर्जाचा कागद आणि शाई घेऊन तिच्याकडे आले. तिने तो कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि अंगठा पदराखाली घेतला.

"आवं आबा, तुमास्नी घरंच नगं झाल्यात. मला पायजेत. तितं नगं, येवढंच."

आबांनी तिची खोप मोडली नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. पण त्यांच्या गोठ्यातलं शेण तिला बंद झालं.

मीही तिच्यावर चिडलो होतो. म्हटलं, "आक्का, जागा बदलली की मोजणी, नकाशा, मंजुरी, सगळं पहिल्यापासून. दोन वर्षं हां हां म्हणता जातील. पहिलं घर तुमचं आहे, कळतंय का?"

"कळतंय की. पर जितं शेणी वाळत न्हाई, तितं बाळंतीन कशी निजंल? बारा घरांत कुनीतरी बाळंत व्हनारच."

तिचा अर्ज मीच लिहिला. वळणदार अक्षरात लिहिला, पण मनातून वेडेपणा समजूनच लिहिला.

चौकशीला तालुक्याचे साहेब जीपमधून आले. थंडीचे दिवस, जमीन वरून ठणठणीत. साहेबांनी बुटाची टाच आपटून पाहिली आणि माझ्याकडे बघून हसले. आठ दिवसांपूर्वी हौसाक्काने तिथे शेणींची एक ओळ थापली होती आणि वर माळाच्या कडेला दुसरी. दोन्हींतली एकेक शेणी तिने साहेबांच्या पुढ्यात ठेवली. "दोनी येकाच म्हशीच्या, येकाच दिवशी लावल्याल्या. बघा मोडून."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग इस्त्रीच्या बाह्या वर सारून त्यांनी खरोखरच शेणी हातात घेतल्या. माळावरची काडकन मोडली. ओढ्याकडची वाकली, आणि बोटांना हिरवा चिकटा लागला. पाणी खालून येत होतं. हात धुऊन साहेबांनी तिथेच शेरा लिहिला: घरं माळावर बांधावीत. घरं काही टळली नाहीत, तेव्हा आबा आणि त्यांची मंडळी खाली मान घालून निघून गेली. त्या दिवशी मला हौसाक्काचा इतका अभिमान वाटला की ती माझीच कुणी असल्यासारखा मी गावभर मिरवलो.

दोन वर्षं लागतील म्हणालो होतो, अडीच लागली. दुसऱ्या थंडीत सासू त्या खोपीतच गेली. शेवटपर्यंत विचारत होती म्हणे, घर आलं का.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी माळावर गेलो. एका खोलीचं घर, सारवलेली कोरडी भुई. पलीकडच्या घरात बाळंतिणीची शेगडी धुमसत होती. मी भिंतीकडे बसायला गेलो, तर हौसाक्काने मला हाताने थांबवलं. तिथे घडी घातलेली वाकळ होती.

"तितं नगा बसू. म्हातारीची जागा हाय ती."

मी म्हणालो, "आक्का, तुमच्यामुळं बारा कुटुंबं कोरड्यात झोपतात."

"व्हय," ती म्हणाली. चुलीतली लाकडं तिने पुढं सारली. मग म्हणाली, "बारा घरांचं बोलले साहेबाम्होरं. पर घरात येक मानूस व्हतं, त्याला इचारलं न्हाई, आत्ती, आनी दोन वरसं थांबू का म्हनून. थांब म्हनाली असती ती. लय गरीब व्हती. पर इचारायला पायजे व्हतं."

दुसऱ्या भिंतीला टेकून मी तिने दिलेला चहा प्यालो.