अठ्ठेचाळीस, कंसात चौपन्न

जयवंताला वाचता येत नव्हतं आणि मला विणता येत नव्हतं. शहाऐंशीच्या डिसेंबरात, सौंसरच्या आमच्या अंगणात, एवढ्या भांडवलावर आम्ही दोघी एका बाळाची टोपी करायला बसलो होतो.

बाळ माझ्या धाकट्या बहिणीचं, मीनाचं. पहिलं बाळंतपण म्हणून ती पांढुर्ण्याहून माहेरी आली आणि आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. चौथ्या दिवशी घरी सोडताना नर्सबाईनं बजावलं होतं, डोकं उघडं ठेवू नका, सगळी ऊब तिथूनच जाते. पाचव्या दिवशी सकाळी ती तपासायला आली तर बाळाचे पाय गार. थर्मामीटर पाहून म्हणाली, "उद्या सकाळी येते. असंच गार राहिलं तर नागपूरला न्यावं लागेल." त्या थंडीत, तेवढासा जीव घेऊन, बसनं नागपूर. वाटेतच काही झालं तर, हे कोणी बोललं नाही, पण मीनाचं तोंड पांढरं पडलं.

बाजारची टोपी बाळाच्या नाकाखाली उतरत होती. झोपेत श्वास कोंडला तर, म्हणून काढून ठेवली. फडकं बांधलं की सुटायचं. आधीपासून घरात काही विणून, शिवून ठेवलेलं नव्हतं, कारण मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. मी शाळेत गणित शिकवते, पोरांना उठताबसता 'का' विचारायला सांगते. घरात मात्र मी कधी काही विचारलं नाही.

तेव्हा जयवंताला बोलावलं. ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. रामाकोना गावची लेक, नवरा मनोहर कापसाच्या जिनिंगवर कामाला. संत्र्याच्या हंगामात ती पांढुर्ण्याला फळं निवडायला जायची. समोर ढीग, तोंडानं गप्पा चालू, आणि हात आपला मोठं, मध्यम, लहान असं वेगळं करत जायचा. माप तिच्या तळव्यात होतं. बाकी वर्ष ती क्रोशाचं काम करायची. गल्लीतल्या प्रत्येक रेडिओवर आणि ताटावर तिचा रुमाल. पण लेकराचं काही तिनं कधी विणलं नव्हतं. तिला मूल नव्हतं, आणि मूल नसलेल्या बाईला ते काम कोणी सांगत नसे.

ती आली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "बाई, एक डाव तिचं डोकं माह्या हातात द्या. मंग लोकर द्या."

माझी आई, देवकाबाई, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी होती. ती दारातून हलली नाही. मला समजलं आणि जयवंतालाही समजलं. मग मी हुशारी केली. म्हटलं, "हात कायला लावायचा? कागद आहे न आपल्याजवळ. सगळं माप लिहिलेलं आहे."

कागद म्हणजे एका जुन्या मासिकाचं पान, शाळेतल्या विजयानं दिलेलं. बाळाची टोपी, आणि खाली मुंग्यांसारखी बारीक अक्षरं. मी खाटेवर बसून वाचू लागले, "साखळ्या अठ्ठेचाळीस, कंसात चौपन्न, साठ."

"म्हंजे किती करू?"

आता कंस दिसला की माझा हात आपोआप चालतो. कंस आधी सोडवायचा, मग बाकीचं. कंचेभागुबेव. चौदा वर्षं पोरांच्या पाठीत धपाटे घालून हेच शिकवून राहिले होते मी. म्हटलं, "आधी कंसातलं. चौपन्न घाल, पुढच्या ओळीत साठ कर, मग अठ्ठेचाळीसवर आण. खाली सैल, वर आवळ. टोपीच झाली न."

जयवंतानं सुई थांबवली. "चौपन्न तं माह्या गुडघ्याले होते, बाई."

"लिहिलंय तसं कर. तुला काय समजतं त्यातलं?"

हे मी बोलले. बोलले ते बोलले, आता लपवून काय करू? तिनं मान खाली घातली आणि साखळ्या घालायला लागली. हात असा भरभर चालायचा की मला वाचायला दम लागे. मधूनच आतून मीनाचा आवाज यायचा, "ताई, झालं का? पाय अजून गारच आहेत." मी ओरडून सांगायची, होऊन राहिलं. दुपारी तीनला जयवंतानं ते विणलेलं हातावर घेतलं. तिच्या दोन्ही मुठी आत मावल्या आणि वर जागा उरली.

आई बाहेर येऊन म्हणाली, "ही टोपी आहे का चिवड्याची थैली?"

माझं डोकं भडकलं. आईवर भडकायची हिंमत नव्हती म्हणून मी जयवंतावर गेले. "तुझाच हात सैल आहे." ती टोक ओढून उसवायला लागली. मला तिच्याकडे पाहवेना म्हणून मी पुन्हा कागदात डोकं घातलं, आणि तेव्हा घडीखाली दबलेली ओळ दिसली. पहिला आकडा तीन महिन्यांच्या बाळाचा, कंसातले सहा महिन्यांचा आणि वर्षाचा.

माझे कान तापले. मी तिला ओळ वाचून दाखवली, पण 'माझं चुकलं' हे शब्द काही निघाले नाहीत. ती म्हणाली, "म्हंजे अठ्ठेचाळीसबी तीन महिन्याच्या लेकराले. आपलीचं माप कुठं हाय?"

आपलीचं माप त्या कागदावर कुठंच नव्हतं. ती तर अजून दीड महिन्यानं जन्मायची होती.

उन्हं भिंतीवर चढली होती. अंगणात बसवत नव्हतं इतका गारठा सुटला. मी म्हटलं, दोऱ्यानं माप आणून देते. जयवंता म्हणाली, "दोऱ्यानं घेर समजन, बाई. खोली नाई समजत. आता परत उसवायले टाइम बी नाई." आणि पुन्हा तेच म्हणाली, अगदी हळू, "एक डाव हातात द्या."

मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. शेवटी आतून मीना बोलली, आणि रडत नव्हती ती, "ताई, तिला आत पाठव. आई, तू दारातून सर."

आई सरली.

जयवंतानं साबणानं हात धुतले, शेगडीवर शेकले, आणि बाळाच्या डोक्याखाली तळवा घातला. दुसरा हात वरून टेकवला. माप तिला पटकन समजलं असणार, संत्र्याला तिला एवढाही वेळ लागत नाही. तरी हात तिथंच राहिला. मी पाहिलं आणि नजर वळवली.

बाहेर येऊन म्हणाली, "छत्तीस." कागद तिनं मागितला नाही. दिवेलागणीला टोपी झाली. कानावरून नीट बसली, कपाळावर थांबली, हलवली तरी सरकेना. रात्रभर आम्ही आळीपाळीनं पायाला हात लावून पाहिला. सकाळी नर्सबाईनं थर्मामीटर काढला, उजेडात धरला, आणि म्हणाली, "नागपूरचं राहू द्या आता." मीना तेव्हा रडली.

बाराव्या दिवशी बारसं. बोलावण्याची यादी माझ्या अक्षरात आहे. आई नावं सांगत गेली, मी लिहीत गेले. जयवंताचं नाव तिनं घेतलं नाही. मी पेन थांबवला आणि मग पुढचं नाव लिहिलं. पाळण्याभोवती बायकांनी विचारलं, टोपी कोणी केली एवढी सुबक? आई म्हणाली, घरीच केली. मी तेव्हा घुगऱ्या वाटत होते, आणि वाटतच राहिले.

फेब्रुवारीत टोपी आवळ व्हायला लागली. पोर चांगली गुबगुबीत झाली होती. दीड महिना मनात खात होतं, म्हणून मी ठरवून तिला खांद्यावर घेतली आणि जयवंताच्या दारी गेले. ती उंबऱ्यात बसून रुमाल विणत होती. मी म्हटलं, "मोठी टोपी लागते आता. घे हिला, माप घे."

तिनं पोरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हात मात्र सुईवरून उचलला नाही.

"वारा हाय, लेकराले घरी न्या," ती म्हणाली. "आन् येतांनी कागद घेऊन या, बाई. तुमी वाचा, मी करतो."