दोन्ही जोडल्या आहेत, सर

कॉलेजच्या सर्व्हरवर आम्ही खोलीवरून शिरायचो ते पासवर्डने नाही, किल्लीने. किल्ली म्हणजे कॉम्प्युटरने बनवलेल्या दोन फायली. एक आपल्यापाशी जपायची, दुसरी सर्व्हरला द्यायची. लॅबच्या सरांनी सांगितलं, तुमच्या किल्ल्या जुन्या पद्धतीच्या आहेत, त्या आता फोडता येतात. शुक्रवारी पाचला बंद होणार, त्याआधी नव्या बनवून त्यातली द्यायची फाईल वर्गाच्या ग्रुपवर टाका. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याच सर्व्हरवर होता. दुसरी प्रत नव्हती, आणि शनिवारी तोंडी परीक्षा.

शुक्रवारी दुपारी मी नवी जोडी बनवली. पण त्यातली द्यायची कोणती, ते नीट ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. तरी वडिलांना, आप्पांना, फोन लावला. ते गंगापूरच्या स्टँडवर आपल्या जीपमध्ये प्रवासी भरत होते.

"दोन हैत ना? मग दोन्ही लाव. एक कागद कमी पडला की परत खेप. दाखल्याच्या टायमाला काय झालं, इसरली व्हय?"

विसरले नव्हते. तहसीलच्या तीन खेपा झाल्या होत्या. मी दोन्ही फायली ग्रुपवर टाकल्या आणि खाली लिहिलं, 'दोन्ही जोडल्या आहेत, सर. कृपया पोच द्यावी.'

लगेच सरांचा फोन आला. मी लॅबमध्ये गेले.

"अगं, जपायची ती किल्ली तू सगळ्या वर्गाला वाटलीस."

"अपूर्ण राहायला नको म्हणून, सर."

"आणि पोच कसली?"

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, शिक्का पण मारून द्या तिला."

ती जोडी रद्द झाली. सरांनी समोर बसवून दुसरी करायला लावली. सर्व्हरला द्यायची फाईल उघडली तर जेमतेम एक ओळ. जुनी चांगली सहा-सात ओळींची होती.

"सर, ही अर्धीच आली वाटतं."

"पूर्ण आहे. नवी लहानच असते, आणि जास्त पक्की."

मी मान हलवली आणि हळूच अक्षरं मोजायला लागले.

"मोजून झाली असतील तर दे. पावणेपाच झालेत."

सरांनी ती सर्व्हरवर चढवली. लॉगिन करताना माझी बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा आत गेले. फोल्डर जागेवर होतं. खात्री करावी म्हणून प्रोजेक्ट चालवून पाहिला, तर मंगळवारपासून छळणारी एरर त्याच ओळीवर उभी होती. तिला बघून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"आहे सर, सगळं आहे," मी म्हणाले.

सर वाकून स्क्रीनकडे बघत राहिले. "उद्या हेच दाखवणार आहेस?"