द्रौपदीकाकी आणि कुलूप लागलेली खाण

विक्रोळीच्या डोंगराला टेकून दगडाची एक जुनी खाण आहे. दगड काढणारे निघून गेले, खड्ड्यात पाणी राहिलं. नकाशावर तिला नाव नव्हतं, म्हणून बरीच वर्षं तिच्यावर कोणाची नजरही नव्हती. आम्ही नुसतं खाण म्हणायचो.

द्रौपदीकाकी लग्न होऊन मालवणकडून आमच्या चाळीत आली, तेव्हा मुंबईतली तिला आवडलेली पहिली गोष्ट ही खाण. नवरा कंपनीत फिटर, खोलीत वळायला जागा नाही, आणि बाहेर एवढं पाणी. ती लुगड्याचा काष्टा मारून उतरली तेव्हा चाळीत बोंबाबोंब झाली म्हणतात. सासूने अबोला धरला. मग तीच सासू रोज काठावर पान चघळत बसायला लागली, सुनेवर लक्ष ठेवायच्या नावाखाली.

पुढे तो रिवाजच पडला. सकाळ पुरुषांची, दुपार बायकांची. तेलाचा रिकामा डबा झाळून बंद करायचा, पाठीला बांधायचा आणि बाईला पाण्यात ढकलून द्यायची, अशी काकीची शाळा. शिकवताना तोंडात शिव्या. पावसाळ्यात कपार शेवाळते, तळ दिसत नाही, तेव्हा दसऱ्यापर्यंत ती कोणालाही उतरू द्यायची नाही. थंडीत खुशाल जा म्हणायची. पहाटे पाण्यावर धुकं तरंगलं की पाणी उबदार, हा तिचा हिशोब, आणि आमच्या खाणीपुरता तो बरोबर होता. भीती मे महिन्याची. वरचं छातीएवढं पाणी कोमट, आणि त्याखाली थंडगार. वरच्या पाण्याला भुलून सूर मारला की खाली श्वास अडकतो, पोटरीत गोळा येतो. बाहेरून येणारी पोरं उन्हाळ्यात इथेच फसायची. काठावरच्या बायका आरडाओरडा करायच्या, साडी फेकून ओढून काढायच्या. सगळेच हाती लागायचे नाहीत.

नवरा वारला आणि पाठोपाठ काकीचे गुडघे गेले. जिना उतरताना कठडा घट्ट धरून एकेका पायरीवर थांबायची. पाण्यात शिरली की मात्र तीच बाई पलीकडच्या कपारीपर्यंत जाऊन यायची. डॉक्टरनेही सांगितलं, बाकी काहीही सोडा, पोहणं सोडू नका.

तिचा एकुलता एक मुलगा सुयोग नॉर्वेत जहाजांचे आराखडे करतो. सून रेवती बाळंत व्हायची होती, तेव्हा काकी तिकडे गेली. घरामागेच तळं. सप्टेंबर महिना. एका सकाळी खिडकीतून बघते तर तळ्यावर धुकं. कोणाला न सांगता ही बाई काष्टा मारून उतरली. हवा होती दोन-तीन अंश आणि पाणी तेरा. पाणी हवेपेक्षा उबदारच होतं म्हणा, पण विक्रोळीच्या माणसाला तेरा म्हणजे काय ते आत गेल्यावर कळतं. छाती आवळली, हाक फुटेना. काठावरच्या एका म्हाताऱ्या गोरीने हात देऊन बाहेर काढली, टॉवेलात गुंडाळली, आणि घाटाजवळच्या पाटीसमोर नेऊन उभी केली. पाटीवर खडूने त्या दिवसाचं पाण्याचं तापमान लिहिलेलं. जुलैत ते वीसच्या आसपास जातं, थंडीत तळं गोठतं, आणि बर्फाला भोक पाडून त्यातही लोक बुडी मारतात, हे सुयोगने तिला मागाहून सांगितलं. पुढच्या दिवसापासून काकी पाटी वाचून, कमरेएवढ्या पाण्यात थोडा वेळ, त्या म्हातारीचा हात धरून.

परत आल्यावर हे सगळं तिने जिन्यात बसून, स्वतःवर हसत सांगितलं. म्हणाली, "माका वाटला, धुका आसा म्हणजे पाणी ऊन आसतला. जीव जाऊक लागलो रे!" मग हसू थांबलं. "पण थय कोणी माका भायर हो म्हणाक नाय. पाणी कसा आसा ता सांगितला, आणि सोडला."

इथे, ती नसताना, खाणीला भिंत घातली गेली होती. मे महिन्यात कॉलेजचा एक मुलगा बुडाला, पेपरात आलं, आणि सरकारी अक्कल धावून आली. भिंत, फाटक, कुलूप. आत कारंजं, कडेने चालायचा ट्रॅक, फोटो काढायला रंगीत कमान. 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई.' याला म्हणे सुशोभीकरण.

काकीला घेऊन पालिकेच्या साहेबाकडे गेलो. मागणी साधी होती. दुपारी बायकांसाठी फाटक उघडा आणि पाटी लावा, कोणत्या महिन्यात पाणी कसं असतं याची. साहेब गोड बोलणारा. म्हणाला, "आजी, पाण्याचं तापमान लिहिलं म्हणजे उतरायची परवानगी दिली असं होतं. उद्या कोणी बुडालं तर?" वर तरण तलावाचा पत्ता दिला. दोन बस बदलायच्या आणि अंगात नायलॉनचा पोशाख. काकी म्हणाली, "थय पोचाक गुडघे होये, आणि गुडघ्यांसाठीच थय जावचा." साहेब हसला. मी नाही हसलो. माझा आवाज चढला आणि शिपायाने आम्हाला बाहेर काढलं.

पुढच्या मे महिन्यात भिंतीवरून उडी मारून गेलेला एक मुलगा बुडाला. या वेळी काठावर ओरडायला कोणी नव्हतं. साहेबाने भिंत आणखी उंच केली.

मी चाळीत मोर्चाचं बोललो. ज्या माधुरीला काकीने हात धरून पोहायला शिकवलं, तीच म्हणाली, "काकी, आता या वयात कशाला ते? ट्रॅकवर चला ना, झकास वाटतं." चालायला चला, हे ती काकीला सांगत होती. बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांनाच कारंजं आवडलं, तर मोर्चा कोणाचा काढायचा?

वर्षभरात काकीचा जिना बंद झाला. भाजीसुद्धा टोपलीला दोरी बांधून वर घ्यायची. सुयोग कायमचं बोलवत होता. तिकडून आल्यावर तिने शपथ घेतली होती की पुन्हा जाणार नाही. बांगड्याला चव नाही, बोलायला माणूस नाही, दुपारीच काळोख. आता तिनेच फोन करून कागदपत्रं करायला सांगितली. मी विचारलं, काकी, त्या बर्फात काय करणार तू?

"उन्हाळ्याचे दोन-तीन म्हयने तरी पाण्यात जावक गावतला," ती म्हणाली. "हय बाराव म्हयने पाणी ऊन, आणि मी सुकी."

तिची खोली लगेच विकली गेली. दलालाने जाहिरातीत 'लेक व्ह्यू' लिहिलं होतं.